मोर्न कालबासचा वाळा

१ जानेवारी २०१३

नवी वही आहे, म्हणून पहिल्या पानावर नाव घालते. एर्मांस दोर्सेंव्हिल, वय सत्तावन्न. चोविसाव्या वर्षी हैती सोडलं, तेहेतीस वर्षं न्यू जर्सीत काढली आणि परवा कायमची परत आले. 'कायमची' हा शब्द लिहून झाल्यावर थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

आज स्वातंत्र्याचा दिवस, म्हणजे घरोघरी भोपळ्याचं सूप. वेर्तुलीनं अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवलं होतं. तिकडे मी गोठवलेल्या भोपळ्याचं करायचे, आणि दरवर्षी वाटायचं, कशाची तरी उणीव आहे. जे उणं आहे ते हैतीत राहिलंय, असं मी मनाला सांगायचे. आज हैतीतच बसून तीन वाट्या प्यायले, तरी ते उणं ते उणंच.

"लवंग घातलीस ना ग?"

"चार घातल्या, सेसे. मिरची, आलं, सगळं आहे." धाकटी बहीण मला लहानपणापासून सेसेच म्हणते. "तिकडच्या जिभेला इकडचं कळायला महिना लागेल."

मला तिनं निळ्या फुलांची काचेची ताटली दिली होती. बाकी सगळे पत्र्याच्या ताटल्यांत जेवत होते. केवढा मान ठेवते माझा!

९ जानेवारी

वाळ्याचं तेल काढायची माझी भट्टी मोर्न कालबास डोंगरावर चढली! बंदरातून ट्रकनं पायथ्यापर्यंत, आणि तिथून पुढे माणसांच्या खांद्यांवर. पुढे एक जण शंख फुंकत होता, मागे तीसजण दोर खांद्यांवर घेऊन गात होते, आणि मध्ये माझं ते स्टीलचं पिंप उन्हात चमकत हळूहळू वर येत होतं. ढगातून एखादं जहाज यावं तसं. मी दारात उभी राहून रडले. वेर्तुली म्हणाली, "रड नंतर, आधी त्यांना पाणी दे."

भट्टी सांभाळायला तोंतों लुइनेस, म्हणजे लुइनेसकाका, मिळाले आहेत. वय अडुसष्ट, चाळीस वर्षं ले काय शहरातल्या मोठ्या भट्ट्यांवर वाळ्याचं तेल काढलेलं. बोलणं कमी. पिंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटानं टकटक करून कान लावला आणि म्हणाले, "बरं आहे. पण घाई चालणार नाही, मॅडम. अठरा महिन्यांच्या आतलं मूळ मी पिंपात घालू देणार नाही. कोवळं उपटलं की तेलही जातं आणि डोंगरही जातो."

मी म्हणाले, "मी एकतीस वर्षं सुगंधाच्या कंपनीत होते, तोंतों. मला हे कुणी शिकवायला नको."

"मग उत्तम," म्हणाले, आणि टोपी घालून निघाले. माणूस जरा शिष्टच दिसतो.

एकतीस वर्षं! आधी बाटल्या धुतल्या, मग वजनं केली, मग तेलं हुंगून पारखायच्या टेबलावर बसले, जिथे आमच्यासारखं कुणी बसलं नव्हतं. शेवटची दोन वर्षं मात्र मला कागदांच्या खोलीत नेऊन बसवलं. त्या टेबलाची मुख्य डोरीन म्हणाली, "तुला आता आराम हवा." मला कारण ठाऊक आहे. पांढरे केस, आणि तोंडात अजून आमच्या क्रेयोल भाषेचे सूर. ती खुन्नस मनात धरूनच मी इथे भट्टी आणली आहे.

१७ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. मी वाळ्याच्या उतारावर चालते आहे आणि गवत माझ्या डोक्याच्या वर गेलंय. आईनं कपाट उघडलंय, आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेल्या मुळांचा वास असा आला की पाय जागीच थांबले. ओली माती, धूर, थोडं लिंबू, आणि खाली, अगदी तळाशी, थंडगार काहीतरी, विहिरीत वाकल्यावर येतं तसं. त्या वासात मी पोहले असं म्हणायला हरकत नाही.

जाग आल्यावर खिडकीतून खरं गवत दिसलं, धुक्यात अर्धं बुडालेलं. उतरून गेले, एक ठोंब उपटला, मुळं नाकाशी धरली. वास होता, पण दूर. शेजारच्या घरात कुणी हळू बोलत असावं तसा. इथली माती थकली असणार. मी नव्हते त्या वर्षांत काय काय झिजलं, कोण जाणे.

२४ जानेवारी

आज गावाला हसायला विषय मिळाला. पाण्याच्या टाकीमागे सावली असते, तिथे मी सकाळपासून नळ्यांचा आराखडा काढत बसले होते. दुपारी वेर्तुली डोक्याचा रुमाल नाकाला लावून धावत आली.

"सेसे! तू इथं बसलीस कशी?"

भिंतीपलीकडे बकरी मरून पडली होती. तीन दिवस झाले असावेत. माणसं येऊन नाक मुठीत धरून लांब उभी राहिली. म्हातारी सिलियाना म्हणाली, "दियास्पोरा बाईंचं नाक सरकारी दिसतंय. अर्ज आल्याशिवाय उघडत नाही!" परदेशातून परतलेल्यांना इथे दियास्पोराच म्हणतात. सगळे खदखदून हसले, मीसुद्धा. मी म्हणाले, "नेवार्कच्या स्टेशनाखाली रोज उभी राहिली असतीस तर तुलाही बकरी जाणवली नसती."

वेर्तुली मात्र हसली नाही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बकरीची दया आली असेल. मन हळवं आहे तिचं.

१४ फेब्रुवारी

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागले. संध्याकाळी खालच्या रस्त्यानं बांबूच्या लांब तुताऱ्या वाजवत मिरवणूक गेली. एकेका तुतारीत एकच सूर, आणि दहाजण मिळून गाणं पुरं करतात. आवाज डोंगराला वळसा घालून गेला, बुडाला, परत वर आला. मी पायरीवर बसून ऐकत होते. तेहेतीस वर्षं मी कुठे गेलेच नव्हते, मध्ये जरा डुलकी लागली होती, असं वाटलं.

मुळांची पोती यायला लागली आहेत. तोंतों लुइनेसनं आज चार पोती परत पाठवली. "कोवळी आहेत," एवढंच बोलले. ज्याची होती तो गयावया करत होता. लुइनेस त्याच्याबरोबर त्याच्या शेतापर्यंत चालत गेले, पुढच्या वर्षी कुठला पट्टा आधी खणायचा ते दाखवून आले. चांगलं केलं. पण आधी मला विचारायला हवं होतं. भट्टी माझी आहे.

वेर्तुलीनं दुपारी भात करपवला आणि मला सांगितलं नाही. मी अर्धी ताटली संपवली तेव्हा भाचरं एकमेकांकडे बघत होती.

२३ फेब्रुवारी

पहिलं तेल! काल पहाटे पायांनी तुडवून तुडवून मुळं पिंपात भरली, वाफ सोडली. लुइनेस दिवसभर नळीपाशी स्टुलावर बसून होते, हात नळीवर. मी सांगितलं, झोपा जरा. म्हणाले, "ते येताना मी नसलो तर त्याला बरं वाटणार नाही." आज दुपारी धार लागली. जाड, तपकिरी, मधासारखी संथ. सूर्य त्यातून बघितला.

मग हुंगायची कागदाची पट्टी बुडवली, नाकाशी नेली आणि माझं मन खचलं. वर थोडी माती, आणि खाली काहीच नाही. पोकळ. बिनतळाची विहीर.

लोक मात्र खूश. सिलियानानं थेंबभर कानामागे लावला आणि डोळे मिटून हसत राहिली. फुकटचं मिळालं की सगळंच छान लागतं.

एकतीस वर्षं मी वाळा हुंगला आहे. असं तेल एकाच कारणानं होतं. मधली, खरी धार कुणीतरी वेगळी काढून घेतली, की झालं. आणि नळीपाशी फक्त एकच माणूस होता.

२४ फेब्रुवारी

बोलले. आंब्याखाली पोती मोजायला वीसेक माणसं जमली होती, तिथंच बोलले. लपवाछपवी मला जमत नाही.

"तोंतों, चांगलं तेल कुठं गेलं?"

"कुठलं चांगलं?"

"मधल्या धारेचं. जे उतरवलंत आणि मला दाखवलं नाहीत."

लुइनेसनी हात पुसले, नळीच्या तोंडावर फडकं नीट बांधलं, घडी घातल्यासारखं. मग म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं तेल काढलं. कुणी म्हातारा म्हणालं, कुणी हेकट म्हणालं. हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला."

"मी शब्द कुठला वापरला?"

"न वापरता वापरलात."

उतारावरून खाली जाताना त्यांची टोपी गवतात बराच वेळ दिसत होती. वेर्तुली माझ्याशी बोललेली नाही. ती इथल्या लोकांत राहते, तिला भीड पडते. मला समजतं. पण कुणीतरी कठोर व्हायला हवं ना?

२ मार्च

राजधानीहून मॅडम काझनाव आल्या होत्या. परदेशी अत्तरवाल्यांसाठी त्या तेल घेतात. मला लाजच वाटत होती. म्हटलं, पहिला घाणा आहे, पुढचा बरा येईल. त्यांनी पट्टी बुडवली. एकदा हुंगली. मग आजूबाजूला बघून खुर्ची शोधली आणि बसल्या.

"सात-आठ वर्षांत असं हाताला लागलं नव्हतं," म्हणाल्या. "कुणी काढलं?"

"होता एक माणूस."

"होता? त्याला सोडू नका हो. आणि तुमच्यासारखं तयार नाक भट्टीवरच बसलेलं असल्यावर मला दुसरीकडे जायचं कारणच नाही. वर्षाचं सगळं तेल मला द्या."

गाडी वळणाआड गेल्यावर मी वेर्तुलीला म्हणाले, "किती गोड खोटं बोलतात ही माणसं!"

वेर्तुली म्हणाली, "उद्या चर्चहून आलो की मला तुझं थोडं काम आहे."

३ मार्च

मागच्या खोलीत तिनं मला बसवलं. समोर दोन वाट्या, वर फडकी.

"हे काय?"

"माझ्या मनात एक आहे. तू म्हणतेस ना, डोळे मिटून सगळं सांगता येतं? सांग."

मला हसू आलं. असले खेळ मी शेकडो वेळा खेळले आहे. डोळे मिटले. पहिली वाटी तिनं नाकाखाली धरली. मी सावकाश श्वास घेतला, शिकवलंय तसा, तीन टप्प्यांत. "लिंबाची पानं. चुरडलेली." दुसरी. "तुळस. जरा सुकलेली, पण तुळसच."

तिनं वाटी खाली ठेवली. डोळे उघडले तर तिचा चेहरा ओला.

"दोन्हीत पाणी आहे, सेसे."

७ मार्च

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं.

वेर्तुलीला बकरीच्या दिवसापासून ठाऊक होतं. "मग बोलली का नाहीस?" विचारलं, तर म्हणाली, "मला वाटलं, कळलं की तू परत जाशील. ज्याच्यासाठी आलीस तेच नाही, मग कशाला राहशील?" हे ती भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे पाठ करून.

सगळं आता उलटं आठवतं आहे. डोरीन दर आठवड्याला कागदांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर पट्ट्या ठेवायची, मी उत्तरं द्यायची, आणि ती म्हणायची, "छान, एर्मांस." पट्ट्यांवर बहुतेक काहीच नसायचं. दोन वर्षं तिनं कुणाला हसू दिलं नाही. निरोपाच्या दिवशी मी तिच्याशी हातसुद्धा मिळवला नाही.

काल ले कायच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं. म्हणाले, हे हळूहळू जातं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. बाकीचं आठवण भरून काढते. येईल का परत? त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आशा ठेवायला हरकत नाही." म्हणजे नाही.

स्वप्नात मात्र वास अजून येतो. आज पहाटे कॉफी भाजल्याचा आला. जागी झाले नि तशीच पडून राहिले, हलले तर सांडेल म्हणून.

९ मार्च

तोंतों लुइनेसचं घर ओढ्यापलीकडे, नीरफणसाच्या दोन झाडांमध्ये. कुंपणाशी उभं राहून रीतीप्रमाणे हाक दिली, "मान असो!"

आतून "आदर असो!" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. उत्तर आलं नाही. आत कुणीतरी कोयत्याला धार लावत होतं, तो आवाज थांबला आणि परत सुरू झाला. दुसऱ्यांदा हाक दिली. ऊन चढलं. ओढ्यावर पाणी भरायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. तिसऱ्यांदाही दिली.

बऱ्याच वेळानं, "आदर असो."

ते उंबऱ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, दोन वाट्यांपासून मागे मागे जात. ते कोयत्याची धार अंगठ्यानं तपासत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "वाईट झालं. कान गेले असते तर बरं होतं, लोकांचं बोलणं तरी वाचलं असतं."

"मला माफ करा, तोंतों."

"इथं?" त्यांनी अंगणाकडे हात केला. एक कोंबडी आणि आम्ही दोघं. "चोर केलंत आंब्याखाली, वीस माणसांत. माफी इथं मागून कशी चालेल, मॅडम?"

"तिथं सांगायचं तर नाकाचंही सांगावं लागेल."

"ते तुमचं तुम्ही बघा."

१६ मार्च

शनिवार, पोत्यांचा दिवस. वीस नाही, चाळीसेक माणसं असतील. लुइनेस लांब, बांधावर उभे. मी खोक्यावर चढले. 

म्हणाले, "मी या माणसाला चोर ठरवलं. चोरी झालीच नव्हती. तेल उत्तम होतं. माझं नाक गेलंय, पूर्ण गेलंय, आणि ते मलाच माहीत नव्हतं. तोंतों लुइनेस, तुमचं नाव मी इथंच मळवलं, इथंच धुते. मला माफ करा."

मग सिलियानाचा आवाज, "अग बाई! म्हणून ती बकरी!" आणि हसू फुटलं, वरपासून खालपर्यंत, आंब्यावरचे पक्षी उडाले. पण त्या हसण्यात मी एकटी उभी नव्हते, हे मला कळलं. सिलियाना पुढे आली आणि हात धरून तिनं मला खोक्यावरून उतरवलं.

लुइनेस पोत्यांपाशी आले. एकातलं मूळ काढून मोडलं. "सोमवारी लावायची असेल भट्टी," म्हणाले, "तर लाकडं कोरडी लागतील. ही ओली आहेत." एवढंच. मी लाकडं स्वतः झाकली.

२० मार्च

मॅडम काझनावना फोन केला. वेर्तुली म्हणत होती, त्यांना कशाला सांगतेस? पण तयार नाक भट्टीवर आहे, या भरवशावर त्या वर्षाचं तेल घेणार होत्या.

नाक गेल्याचं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "आता कोण हुंगणार?"

"माझी बहीण."

"ती काय करते?"

"बाजारात मासे आणि केळी तळून विकते."

मग म्हणाल्या, निम्मंच तेल घेईन, तेही पुढचे तीन घाणे पाहून. प्रत्येक घाण्याच्या बाटलीसोबत त्या बाईचं मत पाठवा, तिच्याच शब्दांत. तुम्ही दुरुस्त करू नका.

३० मार्च

तीन घाणे झाले. वेर्तुली पहिल्यांदा पट्टी धरायला तयारच नव्हती. "माझं काय डोकं आहे का?" म्हणाली. मी तिला श्वासाचे तीन टप्पे शिकवले. तिनं एकदा करून बघितलं आणि सोडून दिलं. "असं हुंगलं तर मासा विकायच्या आधी कुजेल." तिची पद्धत वेगळी. पट्टी डोक्याच्या रुमालाला बांधून कामाला लागते, आणि तासाभरानं अचानक थांबून बोलते. मी लिहून घेते.

पहिलं: "पाऊस थांबल्यावर चर्चची भिंत." दुसरं: "नवऱ्याशी भांडून आलेली बाई. चांगली आहे, पण आज नको." तिसरं: "हे खोटं बोलतंय. वर साखर, आत जळकं."

लुइनेसनी तिसऱ्याला मान हलवली. त्या दिवशी आग पुढे गेली होती, त्यांनाच शंका होती. मी तिघांचं बोलणं ऐकत, म्हणजे त्या दोघांचं आणि नळीचं, मध्ये बसले होते. वाफेत ऊन आलं होतं. लुइनेस म्हणाले, "हात ठेवा इथं." नळी कोमट होती, आणि आतून काहीतरी पुढे सरकताना लागत होतं, मांजराच्या पोटासारखं. "आत्ता मधली धार आली," म्हणाले. मी वेळ टिपून ठेवली.

१२ एप्रिल

काझनाव बाईंचा निरोप. पहिल्या दोन घाण्यांवर त्यांचं मत वेर्तुलीसारखंच. तिसरा त्यांच्या माणसांनी चांगला ठरवला होता. वेर्तुलीचे शब्द वाचून परत हुंगला आणि बाजूला काढला. निम्म्या तेलाचं पक्कं. वर्षाचं सगळं अजून नाही.

वेर्तुलीला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना सांग, मासे घ्यायलाही या." पण दिवसभर गात होती.

१४ एप्रिल

रविवार. दुपारी अंगणात वेर्तुली माझे केस धूत होती. मी खुर्चीत मान मागे टाकून, ती वरून तांब्यानं पाणी घालत. पाण्याबरोबर आभाळ डोळ्यांत येत होतं. एकाएकी मनात आलं, तीच तर सगळ्यांचं सांगते आता.

"माझा वास कसा येतो ग?"

"कसा म्हणजे? माणसाचा."

"नीट सांग. बाटलीचं सांगतेस तसा."

तिनं तांब्या खाली ठेवला. वाकली आणि माझ्या मानेत, कानामागे, नाक खुपसलं. लहान असताना झोपायची तशी. बराच वेळ तशीच राहिली. तिचा श्वास गरम लागत होता.

"आलीस ना, तेव्हा सुटकेसचा यायचा," म्हणाली. "नवं प्लास्टिक, आणि ती दुकानातली साबणं. रोज सकाळी मला तो वास आला की वाटायचं, बॅग अजून भरलेलीच आहे हिची. जाणार ही."

"आणि आता?"

"आता धूर. घाम. कांदा. वाळ्याचा चोथा." ती थांबली. "दोन महिने झाले, त्या बॅगेचा वास शोधतेय मी. सापडत नाही."

मी डोळे उघडले नाहीत.

"मग चांगला येतो की वाईट?"

"घाण येतो!" वेर्तुली म्हणाली, आणि उरलेलं सगळं पाणी एकदम डोक्यावर ओतलं.